काकूंचा ‘स’ आणि तीन माईक

“याच्यात माझी कवळी ऐकू येते रे,” काकू म्हणाल्या आणि हेडफोन काढून त्यांनी मांडीवर ठेवला. खोलीत आम्ही चौघं होतो: स्टुडिओवाला मित्र, काकूंचा नातू, काकू आणि मी. मित्राला आणि नातवाला जो माईक सगळ्यांत आवडला होता, नेमका त्याच्याबद्दल त्या हे बोलल्या. नातू म्हणाला, “अगं आजी, उलट किती क्लिअर आलाय आवाज!” काकूंनी वाद घातला नाही. “असेल बाबा,” म्हणून त्यांनी पाण्याचा पेला उचलला. पण पुन्हा तो हेडफोन कानाला लावताना त्यांच्या कपाळावर जी बारीक आठी पडली, ती मी पाहिली, आणि ते वाक्य मग कितीतरी दिवस माझ्या डोक्यातून जाईना.

माईकबद्दल बोलताना आम्ही मंडळी जे शब्द वापरतो ते ब्राइट, वॉर्म, क्रिस्प अशा जातीचे. ते सगळे इकडून तिकडून उचललेले, आणि कोण कुठल्या अर्थानं वापरतो याचा पत्ता नसतो. काकूंच्या वाक्यात कानाला काय खुपलं आणि ते तोंडातल्या नेमक्या कुठल्या जागेवरून आलं, हे दोन्ही होतं. इतकं नेमकं निदान मी कुठल्याही ध्वनिमुद्रकाकडून ऐकलेलं नाही.

काम तसं घरगुतीच होतं. काकूंना भोंडल्याची झाडून सगळी गाणी पाठ आहेत. हस्त लागला की त्यांच्या अंगणात पाटावर हत्ती काढून मुली फेर धरायच्या, आणि खिरापतीचा डबा कानाशी हलवून आत काय असेल याचे अंदाज चालायचे. त्या मुली आता पुण्यात, बंगळुरात, काही अमेरिकेत. त्यांच्या लेकींना चाली येतात, पण दुसऱ्या-तिसऱ्या कडव्यापाशी सगळ्या अडतात. मग फोनवर निरोप येतो, “काकू, पुढचं पाठवा ना,” आणि काकू कुकरच्या शिट्ट्या चुकवत ओट्याशी उभ्या राहून गातात. नातवानं ठरवलं की यंदा हे एकदा नीट रेकॉर्ड करून ठेवायचं. त्याच सुमारास मित्राला स्टुडिओसाठी पंचवीसेक हजारांच्या आतला कंडेन्सर माईक, म्हणजे बारीकसारीक आवाजही टिपणारा स्टुडिओतला माईक, पक्का करायचा होता. दोन्ही कामं एकत्र आली, आणि माझा या विषयातला उत्साह ठाऊक असल्यामुळे मलाही बोलावणं आलं.

मित्राचा स्टुडिओ म्हणजे सुदामा नगरातली वरच्या मजल्यावरची एक खोली. भिंतींना फोम, कोपऱ्यांत आवाज शोषणाऱ्या रॉकवूलचे जाड पट्टे, दाराला आतून दोन रजया. पंखा अर्थातच बंद. इंदुरात सकाळी लवकर रेकॉर्डिंग ठेवायचं नाही, हा त्याचा पहिला नियम, कारण कचरागाडी गल्लीत शिरली की तिचं गाणं रजयांतूनही आत येतं. साध्या माईकला ते कळलं नसतं. कंडेन्सरला मागच्या गल्लीतली गाडीही कळते. पावसाळा सरत आला होता, हवेत दमटपणा होता, म्हणून तिन्ही माईक रात्रभर सिलिका जेलच्या पुड्यांसोबत डब्यात ठेवलेले. दमट हवेत यांच्या आत बारीक चरचर सुरू होते आणि मग ती कुठून येते हे शोधण्यात अर्धा दिवस जातो.

पहिला माईक ऑडिओ-टेक्निकाचा एटी २०२०, मित्राकडे आधीपासून असलेला. दुसरा ऑनलाइन मागवलेला, एका साच्यातून निघून निरनिराळ्या नावांनी विकला जातो त्या जातीचा: सोनेरी जाळी, मखमली अस्तराची पेटी, सोबत शॉक माउंट, म्हणजे हादरे शोषणारी पकड, फुकट. तिसरा रोडचा काळा एनटी-वन, एका ओळखीच्या गायकाकडून उसना आणलेला. तिन्हींच्या जाळ्या जवळजवळ टेकतील अशा एकाच उंचीवर बांधल्या, काकूंच्या ओठांपासून दीड वीत अंतरावर. गाणं एकदाच म्हणायचं आणि तिन्हींनी ते एकाच वेळी ऐकायचं, असा आमचा हट्ट होता. तेच गाणं माणूस दोनदा हुबेहूब तसंच म्हणत नाही. एक माईक काढून दुसरा लावत वेगवेगळ्या टेकची तुलना केली तर तुलना गाणाऱ्याच्या मनःस्थितीची होते. त्यानंतर तिन्ही ट्रॅकच्या पातळ्या सारख्या केल्या. हे काम सगळ्यांत कंटाळवाणं आणि माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचं. अर्ध्या-एका डेसिबलनं मोठा असलेला आवाज आपल्याला ‘मोठा’ म्हणून जाणवत नाही, ‘बरा’ म्हणून जाणवतो. तेवढ्यावर भले भले लोक माईक विकत घेतात. शेवटी नावं झाकून तिघांना क, ख, ग म्हटलं.

“याला करंट लागतो का?” काकूंनी विचारलं होतं. भजनी मंडळात त्यांना देवळातला माईक ओठांना लावून गायची सवय, त्याला असलं काही लागत नाही. त्यांना सांगितलं की त्याच केबलमधून ४८ व्होल्ट वर जातात, पण तुम्हाला काही होणार नाही. मग नातवानं मोबाईलचा टॉर्च जाळीवर धरला आणि आतली सोनेरी चकती दाखवली, जवळपास रुपयाएवढी. ते प्लॅस्टिक काही मायक्रॉनचं असतं, त्यावर सोन्याचा मुलामा, आणि केसाएवढीही नाही इतक्या फटीपलीकडे एक धातूची पाटी. आवाजानं पडदा हलतो, फट कमी-जास्त होते आणि त्या बदलाची वीज होते. ज्या वेस्टर्न इलेक्ट्रिकमधून पुढे बेल लॅब्ज ही अमेरिकन संशोधनसंस्था निघाली, तिथल्या वेंटनं १९१६ साली बांधलेल्या माईकचं तत्त्वही हेच. काकू बराच वेळ जाळीतून आत पाहत राहिल्या. म्हणाल्या, “एवढ्या नाजूक वस्तूसमोर भोंडला?” आणि गाताना खरंच थोड्या मागे सरकून बसल्या. ते बरंच झालं. असल्या माईकच्या फार जवळ गेलं की खालचे सूर फुगतात आणि आवाज नसलेला भारदस्तपणा धरतो.

आता ‘ख’बद्दल. तो सोनेरी जाळीवालाच निघाला.

तो वाईट माईक नव्हता, हे आधी सांगतो. लावल्या लावल्या काकूंचा आवाज जणू हातभर पुढे आला. श्वास ऐकू आला, बांगड्यांची किणकिण आली, शब्दांच्या कडा स्पष्ट झाल्या. पण त्याबरोबर प्रत्येक ‘स’ आणि ‘श’ला एक बारीक शीळ चिकटली. सासू, सासरा, सून, दिवसा, सोळा... भोंडल्याच्या गाण्यांत तर सासरच सासर! कवळी बसवली की जीभ आणि टाळू यांच्यातली जागा बदलते आणि वाऱ्याला नवी फट मिळते. समोरासमोर बोलताना ती शीळ आपल्याला कळतही नाही. या माईकनं ती उचलून पुढे ठेवली.

त्याला कारण आहे, आणि ते मला फार बोलकं वाटतं. नॉयमन या जर्मन कंपनीचा यू ६७ हा माईक आला १९६० साली. त्याच्या कॅप्सूलचा, म्हणजे आतल्या पडदा-पाटीच्या जोडीचा, स्वभावच असा की वरच्या टोकाला, साधारण दहा हजार हर्ट्झच्या अलीकडे-पलीकडे, ती चढते. बनवणाऱ्यांना हे पूर्ण ठाऊक होतं. माईकच्या आतलं सर्किट तोच चढ मुद्दाम खाली ओढून सरळ करत असे. दोन्ही मिळून एक विचार होता. पुढे स्वस्त माईक बनवणाऱ्यांनी त्या कॅप्सूलची नक्कल केली आणि ती त्यांना बऱ्यापैकी साधली. सर्किटातला उतार मात्र पुष्कळांनी घेतलाच नाही. राहिला तो नुसता चढ. आणि दुकानात, दहा सेकंदांत, घाईत ऐकणाऱ्याला तोच चढ स्पष्टपणा वाटतो. मला या गोष्टीचा मनापासून राग येतो. स्वस्तात बनवण्याबद्दल माझी काही तक्रार नाही, उलट स्वस्त माईक निघाले म्हणूनच काकूंसारख्यांचं गाणं रेकॉर्ड होतंय. पण अर्धा विचार उचलायचा आणि त्यातून जे उरतं ते गुण म्हणून विकायचं, हे पटत नाही.

काकूंचं म्हणणं झटकून टाकणं सोपं होतं. आपला आवाज आपल्याला कवटीच्या हाडांतूनही ऐकू येतो, त्यामुळे तो आत भरीव वाटतो आणि रेकॉर्डिंगमध्ये प्रत्येकालाच परका वाटतो. शिवाय वयाबरोबर कानाची वरची बाजू आधी जाते. सत्तरी ओलांडलेल्या काकूंना त्या वरच्या टोकाचं जितकं ऐकू येत असेल त्यापेक्षा नातवाला नक्कीच जास्त येतं. असं असूनही खुपलं त्यांनाच, आणि फक्त ‘ख’च खुपला. ‘क’ आणि ‘ग’ ऐकताना आवाज परका असल्याची कुरकुर त्यांनी केली नव्हती. मला वाटतं त्यांनी तो ‘स’ कानापेक्षा जिभेनं ओळखला. कवळी बसल्यापासून प्रत्येक ‘स’ त्यांना थोडा जपून काढावा लागत असणार. आपण जे झाकायला रोज कष्ट घेतो ते कुणी उघडं केलं की माणसाला ते लगेच कळतं.

आमच्या घरी एक कॅसेट होती. आजीच्या आरत्या, वडिलांनी टेपरेकॉर्डर जमिनीवर ठेवून घेतलेल्या. त्या टेपरेकॉर्डरच्या कोपऱ्यात जाळीआड जो इवलासा माईक असायचा, तोही बहुधा कंडेन्सरच्याच कुळातला: इलेक्ट्रेट. बेल लॅब्जमध्ये सेसलर आणि वेस्ट यांनी १९६२ साली तो आधुनिक रूपात आणला. त्याच्यात विजेचा भार आधीच कायमचा बसवलेला असतो, म्हणून तो स्वस्त झाला आणि घरोघर, पुढे फोनाफोनांत गेला. (मित्राचा एटी २०२० सुद्धा भार कायमचा बसवलेलाच. लोकांना हे सांगितलं की त्यांचं त्या माईकबद्दलचं मत का कोण जाणे उतरतं. उतरू नये.) त्या कॅसेटमध्ये आजी कडवं संपवून थांबली की यंत्र आपोआप आवाज वाढवायचं, आणि मग खोलीतला पंखा, घड्याळ, रस्त्यावरचा टांगा असं सगळं वर चढून यायचं, ती पुन्हा गायला लागली की सगळं मागे सरायचं. आजीचा ‘स’ त्यात कधीच टोचला नाही, कारण त्या टेपवर वरचं फारसं काही उमटतच नव्हतं. ‘ख’ मला नकोसा होतो तो काकूंच्या शिळेमुळे की माझा कान त्या मऊ कॅसेटवर घडलाय म्हणून, हा प्रश्न मी स्वतःला विचारला. त्याचं उत्तर मला पुरतं देता येत नाही. दोन्हींचा थोडाथोडा वाटा असेल.

म्हणून मी तिन्ही ट्रॅक घरी आणले आणि गाण्यांची सगळी मालिका, पाऊणएक तासाची, आधी ‘ख’वर आणि मग ‘ग’वर सलग ऐकली. थांबून थांबून तुलना करत बसलो नाही. कुणीही आपल्या घरच्या माणसाचं रेकॉर्डिंग ऐकेल तसं, हाताशी दुसरं काम घेऊन ऐकलं. पहिल्या गाण्याला ‘ख’ छान. तिसऱ्या-चौथ्याला मी नकळत आवाज कमी केला. पुढे एका ठिकाणी हेडफोन काढून जरा बसावंसं वाटलं. जिरावन हा इंदुरी मसाला सढळ हातानं टाकलेले पोहे पहिल्या घासाला झकास लागतात आणि अर्धी प्लेट संपेपर्यंत पोह्यांची चवच हरवते, तसं. ‘ग’ ऐकताना असं काही झालं नाही. त्यात कौतुक करण्यासारखंही काही वाटलं नाही, आणि गाणं संपून पुढचं कधी सुरू झालं ते कळलं नाही. माईकची तुलना दहा-दहा सेकंदांच्या तुकड्यांवर करायची पद्धत माझ्या मनातून उतरली ती तेव्हाच. त्या पद्धतीत चढ असलेलाच माईक जिंकतो, दरवेळी.

‘ग’ म्हणजे एनटी-वन. त्याची स्वतःची खरखर ४.५ डेसिबल, तर एटी २०२० ची २० डेसिबल. कागदावर हा फरक प्रचंड आहे आणि विकणारे त्यावरच भर देतात. पण मित्राच्या खोलीत, पंखा बंद, रजया ओढलेल्या, गल्ली शांत असतानाही खोलीचा आपला आवाज तिशीच्या आसपास भरला. म्हणजे काकू गात असताना दोन्ही माईकांची खरखर खोलीच्या खालीच दबलेली. फरक कळला तो दोन कडव्यांच्या मधल्या थांब्यात, काकू एकदम हळू म्हणत होत्या त्या जागी, आणि तोही कान देऊन ऐकल्यावर. त्या फरकासाठी दुप्पट-अडीचपट पैसे मोजावेत की त्याच पैशांत खिडकीला दुसरी काच बसवावी, हा प्रश्न ज्याच्या-त्याच्या खोलीचा आहे. मित्राच्या खोलीपुरतं माझं उत्तर काच हे होतं. आकडे मी टाकून देत नाही. फक्त आकडा ज्या खोलीत उभा राहायचा ती खोली आधी ऐकावी.

इंटरनेटवर अशा तुलना शेकड्यांनी आहेत आणि मी त्या आवडीनं बघतो. पण मला सापडतात त्यांत बहुतेकदा भरदार आवाजाचा एक माणूस इंग्रजीत बोलतो, मग गिटार वाजवतो. त्याच्या छातीच्या आवाजाला वरचा थोडा चढ शोभतो. आपल्याकडे चाकातला ‘च’ आणि जात्यातला ‘ज’ दातांवर घासून निघतात, वर ‘स’, ‘श’, ‘क्ष’ आहेतच. वरच्या टोकाला आधीच एवढी गर्दी असते की आणखी चढ सोसत नाही. त्यात बाईचा आवाज, त्यात वय. हे आपल्या आपणच तपासायला हवं, दुसरं कोण तपासणार? ज्या शहरात अमीर खाँसाहेबांनी मंद्रातल्या संथ आलापीचं एवढं मोठं गाणं उभं केलं, त्या शहरात तरी आवाजाची पारख चमकदारपणावर होऊ नये असं मला वाटतं.

मित्राला मी एटी २०२० च चालू ठेवायला सांगितलं, काकूंच्या तोंडासमोरून जरा बाजूला, कपाळाच्या उंचीवर आणि किंचित खाली झुकवलेला. तसा लावला की ‘स’चा झोत थेट पडद्यावर येत नाही. काकूंना नवीन रेकॉर्डिंग ऐकवलं. त्यांनी ते शेवटपर्यंत ऐकलं, मध्ये एका कडव्याला ओठ हलवले आणि म्हणाल्या, “चौथ्या गाण्यात मी एक ओळ गाळली. परत घ्या.” माईकबद्दल चकार शब्द नाही. ‘ख’ मित्रानं परत पाठवला नाही. काकूंच्या नातवाचा आवाज दबका आणि घशातला, बोलतो तेव्हा अर्धे शब्द शर्टातच राहतात. त्याच्यावर ‘ख’ लावून पाहिला आणि तो स्वच्छ उमटला. काकूंना जे टोचत होतं त्याचीच नातवाला गरज होती. आता तो त्यावर काकूंच्या गाण्यांच्या मधली माहिती वाचतो: कुठलं गाणं कुणाकडून आलं, खिरापतीला काय असायचं.

पुढच्या आठवड्यात देवासहून काकूंची धाकटी बहीण येते आहे. काकूंना न येणारी काही गाणी तिला येतात, असं काकू जरा नाइलाजानं सांगतात. तिचा आवाज खणखणीत आहे, दात स्वतःचे आहेत, आणि तिला हळू गाता येत नाही. मित्राला म्हटलं, तिन्ही स्टँड काढू नकोस, आणि तो उसना एनटी-वन आणखी थोडे दिवस ठेवायला मिळतो का विचार.